मतदानाआधी उघडायची वही

१९९१ च्या उन्हाळ्यात देशाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा पाटण्यात प्रचार करत होते. चंद्रशेखर यांच्या सरकारने मार्चमध्येच राजीनामा दिला होता. नवे सरकार येईपर्यंत ते काळजीवाहू म्हणून गाडा ओढत होते आणि सिन्हा स्वतः उमेदवार होते. त्या धामधुमीत अर्थखात्याचा एक अधिकारी दिल्लीहून फाइल घेऊन त्यांच्याकडे आला. तस्करांकडून जप्त केलेले सरकारी सोने परदेशी बँकेला देऊन डॉलर उभे करायचे, असा प्रस्ताव त्या फाइलीत होता. सिन्हांनी सही केली. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. मे महिन्यात २० टन सोने स्टेट बँकेमार्फत ‘युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंड’कडे गेले. ते परत विकत घेण्याची मुभा भारताने राखून ठेवली होती. व्यवहारातून वीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम हाती आली.

त्याच महिन्यात देशात लोकसभेचे मतदान सुरू झाले. २० मे रोजी पहिली फेरी झाली, २१ मे रोजी श्रीपेरुम्बुदूरच्या सभेत राजीव गांधींची हत्या झाली आणि उरलेले मतदान १२ व १५ जूनवर गेले. रांगेत उभ्या राहिलेल्या मतदाराला देशाचे सोने बाहेर चालले आहे याची कल्पना नव्हती. कोणत्याही व्यासपीठावरून त्याला ते सांगितले गेले नाही.

ती निवडणूक कशावर लढली गेली हे आठवून पाहावे. भाजपने ‘राम, रोटी और इन्साफ’ म्हटले. जनता दल मंडल आयोगाच्या अंमलबजावणीवर उभा होता. दीड वर्षात दोन सरकारे पडलेली पाहिल्यामुळे काँग्रेस स्थैर्याचे आश्वासन देत होती. अर्थकारणाचा शिरकाव झाला तो फक्त महागाईच्या दाराने. सत्तेवर आल्यास शंभर दिवसांत निवडक जीवनावश्यक वस्तूंचे भाव जुलै १९९० च्या पातळीवर आणू, असे काँग्रेसच्या जाहीरनाम्यात छापलेले होते. भाव का चढले, सरकार किती उसनवारी करते आणि त्या उसनवारीचा भावांशी काय संबंध, हे मात्र कोणी बोलत नव्हते. खरे तर महागाईचा प्रश्न तिथपर्यंत नेल्याशिवाय सुटणारच नव्हता.

तिजोरीची ही अवस्था एका रात्रीत झालेली नव्हती. ऐंशीच्या दशकात केंद्राचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत गेला आणि फरक कर्जाने भरला गेला. त्या काळी अर्थसंकल्पातली ‘तूट’ म्हणून जो आकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यात यायचा, तो या फरकाचा एक तुकडाच होता. बाजारातून उचललेले कर्ज, अल्पबचतीतून आलेला पैसा, परदेशी मदत हे सारे ‘जमा’ बाजूला मांडून जे खड्डे उरत, तेवढ्यालाच तूट म्हणायचे. १९९०-९१ च्या अर्थसंकल्पात अशी तूट सात हजार कोटींच्या आसपास धरली होती. सर्व प्रकारची उसनवारी मोजणारी राजकोषीय तूट त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ४४ हजार ६०० कोटींवर गेली. मतदाराने अर्थसंकल्पाची बातमी नीट वाचली असती तरी त्याच्या हाती खरा आकडा लागला नसता.

उरलेला खड्डा भरण्याची पद्धत तर आज विश्वास बसू नये अशी होती. सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप तात्पुरती कोषागार हुंडी स्वीकारून पैसे पुरवायची. त्यावर व्याज ४.६ टक्के, आणि ‘तात्पुरती’ हुंडी वर्षानुवर्षे फिरत राहायची. असा निर्माण झालेला पैसा बाजारात येऊन भाव चढवतो. ही वाट १९९७ साली कायमची बंद झाली.

दुसरी वाट सामान्य ठेवीदाराच्या पासबुकातून जात होती. १९९० साली बँकांना ठेवींच्या ३८.५ टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवणे बंधनकारक होते आणि आणखी १५ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावी लागत होती. दादरच्या एखाद्या शिक्षकाने बँकेत शंभर रुपये ठेवले, तर त्यातले साडेत्रेपन्न रुपये असे आधीच बांधलेले असत. उरलेल्या साडेसेहेचाळीस रुपयांत शेतकरी, कारखानदार, दुकानदार आणि घर बांधू पाहणारा पगारदार अशा साऱ्यांनी आपली कर्जे भागवायची. सरकारी कर्ज म्हणजे दूर दिल्लीतला कागद, हा समज किती चुकीचा होता हे या एका शंभराच्या नोटेवरून कळते. कर्ज न मिळालेल्या उद्योजकाला आपला अर्ज सरकारच्या तुटीमुळे मागे पडला हे कधी समजलेही नसेल.

या साऱ्यात १९८९ च्या निवडणुकीचा वाटा होता. त्या प्रचारात बोफोर्स गाजले, पण गावोगाव पोचले ते राष्ट्रीय आघाडीचे दुसरे वचन: शेतकऱ्यांचे दहा हजार रुपयांपर्यंतचे कर्ज माफ. ते अमलात आणण्याची जबाबदारी आली मधू दंडवते यांच्यावर. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले, राजापूरमधून सलग निवडून आलेले, कोकण रेल्वेसाठी झटलेले दंडवते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. व्यक्तिगत सचोटीबद्दल विरोधकांनीही त्यांच्याकडे कधी बोट दाखवले नाही. त्यांनी १९९० च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर केली आणि २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकलेली कर्जे तीत धरली. एकूण बोजा दहा हजार कोटींच्या घरात गेला. पुढची काही वर्षे बँकांची आणि सहकारी सोसायट्यांची शेतीकर्जाची वसुली घसरली. नियमाने हप्ता भरलेल्याच्या पदरात काही पडले नव्हते, तेव्हा पुढचा हप्ता भरताना त्याने विचार करणे साहजिक होते.

मात्र या कर्जमाफीला केवळ मतांची खैरात म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकात मांडलेला मुद्दा गंभीर होता. निर्यातबंदी, लेव्ही, स्वस्त आयात यांतून सरकारच शेतमालाचे भाव पाडते. त्या पाडलेल्या भावांमुळे शेतकरी कर्जात बुडतो, म्हणून हे कर्ज त्याचे नाहीच, असे जोशी म्हणत. त्यांनी मागितली ती ‘कर्जमुक्ती’, आणि तिच्या जोडीला भाव पाडण्याची धोरणे बंद करण्याची मागणी होती. जाहीरनाम्यांनी त्यातली माफी उचलली आणि धोरणबदल वगळला. पैसे कोणत्या खर्चातून वळवणार किंवा कोणता कर वाढवणार, हेही सांगितले नाही. देण्याची बाजू मोठ्याने आणि भरण्याची बाजू मौनात, ही प्रचाराची सवय इथून पुढे पक्की झाली.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला, तेल भडकले, आखातातून येणारा पैसा आटला. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर घेतले, तेही पुरले नाहीत. फेब्रुवारीअखेरीस पूर्ण अर्थसंकल्प मांडून खर्चाला कात्री लावणे हा एकच मार्ग होता. पण चंद्रशेखर सरकारला पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसला तो नको होता. ४ मार्चला नुसते लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांचा खर्च भागवण्याची परवानगी मांडली गेली आणि दोन दिवसांनी सरकारच गेले.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत बिकट आर्थिक वर्षात मतदार मतदानाला गेला तेव्हा त्याच्यासमोर त्या वर्षाचा अर्थसंकल्पच नव्हता. एरवीही निवडणुकीच्या वर्षी हेच घडते. जाणारे सरकार लेखानुदान मांडते, पूर्ण हिशेब येणाऱ्या सरकारसाठी ठेवला जातो. लोकशाही संकेत म्हणून ते योग्यच आहे, कारण जाणाऱ्याने येणाऱ्याचे हात बांधू नयेत. पण त्याचा परिणाम असा होतो की देशाच्या कर्जावर बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यांत बोलायला ताजा कागद नसतो.

२१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि मग कागद भराभर उघडे पडू लागले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीतले जवळपास ४७ टन सोने विमानाने परदेशी रवाना झाले. ते बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलण्यासाठी तारण होते. ‘इंडियन एक्सप्रेस’ने बातमी फोडली तेव्हा देशाला धक्का बसला. घरातले सोने मोडण्याची वेळ म्हणजे काय, हे सांगायला इथे कोणा अर्थतज्ज्ञाची गरज नव्हती.

२४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. प्रचारात यायला हवे होते ते आकडे त्या भाषणात आले: राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांहून अधिक, केंद्राचे अंतर्गत कर्ज सुमारे ५५ टक्के, एकूण खर्चातला जवळपास पाचवा हिस्सा निव्वळ व्याजाचा, आणि परकीय चलन अडीच हजार कोटी रुपयांचे, जेमतेम पंधरा दिवसांच्या आयातीपुरते. खतांच्या किमती चाळीस टक्क्यांनी वाढवल्या. शंभर दिवसांत भाव खाली आणण्याचे वचन पाळता येणार नाही, हे सिंग यांनी पदभार घेतल्यावर लगेच सूचित केले होते. स्वपक्षाचे खासदारच त्यांच्यावर तुटून पडले. शेवटी खतांची वाढ तीस टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून सूट मिळाली. मतदानानंतर सहा आठवड्यांच्या आत लोकांना जे सोसावे लागले, त्यातले काहीही कोणी त्यांना आधी विचारले नव्हते. सुधारणा गरजेच्या होत्या, त्यांनी देश सावरला, गहाण सोनेही वर्षअखेरीपर्यंत सुटले. तरी लोकांना विश्वासात न घेता लादलेला निर्णय म्हणून त्यांच्याविषयी जो संशय अनेकांच्या मनात राहिला, त्याचे मूळ या मौनात आहे.

गंमत नव्हे, पण नेमके त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये जवळजवळ हीच गोष्ट घडत होती. ऑक्टोबर १९९० मध्ये तिथे मजूर पक्ष हरला. त्याने निवडणुकीआधीच्या अर्थसंकल्पात शिल्लक दाखवली होती. नव्या सरकारने दार उघडले तर आत मोठी तूट होती आणि सरकारी मालकीचा मोठा हिस्सा असलेली बँक ऑफ न्यूझीलंड बुडण्याच्या बेतात. बँक वाचवण्यासाठी ६२ कोटी न्यूझीलंड डॉलरची तरतूद करावी लागली. अर्थमंत्री रूथ रिचर्डसन यांनी बेकारभत्ता आणि इतर साहाय्य कापले आणि लोकांचा प्रचंड रोष ओढवून घेतला. पण त्यांनी आणखी एक काम केले, ते भारतात कोणी केले नाही. १९९४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला. निवडणुकीच्या काही आठवडे आधी वित्त विभागाने देशाच्या जमाखर्चाची, कर्जाची आणि डोक्यावरच्या संभाव्य देण्यांची ताजी स्थिती जाहीर केलीच पाहिजे, असे कलम त्यात घातले गेले. सरकार कोणाचेही असो, वही उघडते.

ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये तोच मार्ग धरला. तिथे हे निवेदन मंत्र्यांच्या सहीने निघत नाही. वित्त आणि अर्थ या दोन खात्यांचे सचिव आपल्या जबाबदारीवर ते प्रसिद्ध करतात. नेदरलँड्स तर आणखी पुढे आहे. तिथली सरकारी पण स्वतंत्र बाण्याची नियोजन संस्था, जिचे पहिले संचालक पुढे नोबेल मिळवणारे यान टिनबर्गन होते, १९८६ पासून पक्षांच्या जाहीरनाम्यांचा हिशेब मांडून देते. सहभाग ऐच्छिक आहे, तरी प्रमुख पक्ष सहसा आकडे घेऊन जातात. या पद्धतीतही दोष आहेत. संस्थेच्या गणितात चांगले दिसेल असेच वचन रचण्याचा मोह होतो, आणि ज्याचे मोल पैशांत काढता येत नाही ते मागे पडते. पण निदान वाद आकड्यांवर होतो.

भारतात २००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला, २००५ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा झाला. तुटीच्या मर्यादा आल्या, अर्थसंकल्पासोबत निवेदने येऊ लागली. मतदानाआधी वही उघडण्याचे कलम मात्र आले नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या प्रकरणात निकाल देताना निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. त्यानुसार आचारसंहितेत एक भाग जोडला गेला: वचनामागचे तर्क सांगावे आणि पैसा कुठून येणार ते ढोबळपणे सूचित करावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने पक्षांना त्यासाठी एक ठरावीक तक्ता सुचवला. तो प्रत्यक्षात उतरला नाही.

‘ढोबळपणे’ या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिला. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली: महिना १५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज. पुढच्याच महिन्यात सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात महायुतीने कोल्हापुरात २१०० रुपयांचे आणि कर्जमाफीचे वचन दिले. दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडीने मुंबईत ३००० रुपयांचे आणि तीन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीचे वचन दिले. आघाडीचे नेते त्याच प्रचारात राज्यावर आठ लाख कोटींचे कर्ज झाल्याची टीकाही करत होते.

गुणाकार अवघड नव्हता. लाभार्थी बहिणी २ कोटी ४० लाख धरल्या, तर महिना १५०० प्रमाणे वर्षाला ४३ हजार २०० कोटी लागतात. २१०० केले की त्यात १७ हजार २८० कोटींची भर पडते आणि ३००० केले की एकूण आकडा ८६ हजार ४०० कोटींवर जातो. त्या वर्षी राज्याची अंदाजित महसुली तूट, म्हणजे रोजचा संसार चालवायलाच कमी पडणारी रक्कम, २० हजार ५१ कोटी होती. हे दोन आकडे एकाच भाषणात शेजारी ठेवलेले ऐकायला मिळायला हवे होते.

कर्ज असणे वाईट, असा याचा अर्थ अजिबात नाही. महाराष्ट्राचे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत होते. मर्यादा २५ टक्क्यांची आहे आणि पंजाबसारख्या राज्याच्या मानाने ही स्थिती कितीतरी बरी. ज्या बाईच्या हातात स्वतःचा असा पैसा कधी आला नाही, तिच्या खात्यात दरमहा पडणारे दीड हजार किती मोलाचे, हे तिलाच विचारावे. मुलांची फी आणि औषधे त्यातून झाली आहेत. हा खर्च करण्याजोगा आहे असे ज्याला वाटते, त्याने तो कर वाढवून, दुसरा खर्च थांबवून की कर्ज काढून करणार, एवढेच सांगायचे आहे. कर्जाने पूल बांधला तर उद्या त्याचा टोल, व्यापार, रोजगार येतो. महसुली तूट कर्जाने भरली तर उद्या फक्त व्याज येते, आणि ते व्याज त्याच बहिणीच्या मुलांच्या शाळेच्या तरतुदीतून जाते.

निकालानंतर आकडे आले. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी धरली होती, लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटी होते आणि २१०० चा उल्लेख नव्हता. त्याच महिन्याच्या अखेरीस बारामतीत अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपूर्वी पीककर्जाचे हप्ते भरायला सांगितले. माफीच्या आशेने हप्ता थांबवलेल्या खातेदाराला हे नोव्हेंबरात कळले असते तर त्याचे व्याज वाचले असते.

हे बदलायला मोठी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राज्यांचे मासिक जमाखर्च महालेखापालांच्या कार्यालयात संकलित होतात आणि प्रसिद्धही होतात. फक्त ते कोणी सभेत वाचत नाही. अर्थखात्याच्या सचिवाने आचारसंहिता लागल्यावर तीन-चार पानांचे निवेदन काढावे. चालू वर्षाची तूट, एकूण कर्ज, येत्या वर्षीचे व्याज, सरकारने दिलेल्या हमी आणि कंत्राटदारांची थकलेली बिले एवढे त्यात असले तरी पुरे. २०२४ मध्ये विधानसभेचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. मधे पाच आठवडे होते. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने तिथल्या सचिवांना याच कामासाठी दहा दिवस दिलेले आहेत.